खिळ्यावरची दुसरी चावी

लोकांना कुलूपवाला दोनदाच आठवतो. एकदा चावी हरवल्यावर आणि एकदा चोरी झाल्यावर. चोरी व्हायच्या आधी कुलूप मागायला येणारं गिऱ्हाईक इतकं दुर्मीळ, की ते पायरी चढलं की मी हातातली पंक्चर टाकून उभा राहतो, टॉवेल कमरेला खोचतो आणि नाटक सुरू करतो.

गोरेगाव नावाच्या आमच्या लहान गावात बाजाराच्या रस्त्यावर माझं पत्र्याचं दुकान आहे. हवा, पंक्चर, सायकल दुरुस्ती आणि कुलूप-चावी. पुढे एक बाकडं, आणि त्यावर कायम दोन-तीन प्रेक्षक. ते विकत काही घेत नाहीत, पण त्यांच्याशिवाय मला काम सुचत नाही. नुसतं कुलूप उघडण्यात काय मजा? आधी कुलूप कानाला लावायचं, डोळे मिटायचे, "हे काही बोलून राहिलं" असं म्हणायचं, मग उघडायचं. गाव मला दत्तूमामा म्हणतं. निम्मे लोक काम असतं म्हणून येतात, निम्मे तमाशा बघायला.

या दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून आलेल्या मास्तरांनी बजावलं होतं, "मामा, तुमच्या त्या चोरांच्या गमती लिहा." गमती लिहितोच. पण एक गोष्ट मी बाकड्यावर कधीच सांगितलेली नाही. ती पुढे येईल. मधेच उठून जाऊ नका.

सायकली आता वापरतं कोण, असं सणाला शहरातून आलेले लोक विचारतात. शाळेच्या वेळेला माझ्या दुकानासमोर उभं राहा, म्हणजे दिसेल. वस्त्यांवरून, आडगावांवरून पोरी सायकलीवर येतात. सायकल सरकारी योजनेतून मिळते. सगळ्या एकाच रंगाच्या, एकाच मापाच्या, आणि मागच्या चाकाला एकाच जातीचं गोल कुलूप. आता धंद्यातलं गुपित सांगतो. त्या गोल कुलपांच्या चाव्यांचे नमुने फार थोडे असतात. एका सायकलीची चावी घेऊन कॉलेजच्या सायकल-स्टँडच्या रांगेतून चालत गेलं, तर वाटेत आणखी चार-पाच सायकली सहज उघडतात. आमच्या इथे दोन पोरी पोळ्यापासून दिवाळीपर्यंत एकमेकींच्या सायकली चालवत होत्या. दोघींनाही पत्ता नाही. एकीची घंटा वाजेना म्हणून ती माझ्याकडे आली, तेव्हा सीटखाली दुसरीच्या भावाने खिळ्याने कोरलेलं नाव मला सापडलं. मी दोघींना बोलावलं, मधे टॉवेलचा अंतरपाट धरला आणि बाकड्याच्या साक्षीने सायकलींची अदलाबदल लावून दिली.

एक निवृत्त कारकून आकड्यांचं कुलूप घेऊन गेले. आकडा विसरू नये म्हणून त्यांनी तो सीटच्या मागे पांढऱ्या रंगाने लिहून ठेवला. सायकल गेली. मला येऊन म्हणाले, "दत्तूभाऊ, चोर शिकलेला होता."

दुसरे एक पाहुणे लग्नाला आले. पुढच्या चाकातून साखळी घालून सायकल मांडवाच्या खांबाला बांधली आणि पंगतीला बसले. जेवून येतात तर खांबाला पुढचं चाक आहे, साखळी आहे, कुलूप शाबूत आहे, फक्त बाकीची सायकल नाही. ते चाक हातात धरून माझ्या दारात आले आणि कुलपाची गॅरंटी मागू लागले. मी म्हटलं, "पाव्हणं, कुलपानं आपलं काम बराबर केलं. जे त्याच्या ताब्यात दिलं ते त्यानं राखलं." बाकडं आठवडाभर हे वाक्य म्हणत होतं. मलाही ते फार आवडायचं. आता नाही आवडत.

नवख्याला वाटतं, जाड दिसतं ते कुलूप चांगलं. तसं नसतं. वायरचं कुलूप दोरखंडाएवढं दिसतं, पण वरचं प्लॅस्टिक सोललं की आत करंगळीपेक्षा बारीक तार निघते, आणि कुंपणाची तार तोडायची पक्कड ती खाऊन टाकते. आमच्या भागात ती पक्कड घरोघरी आहे. म्हणून साखळी घ्यावी. कड्या चौकोनी पोलादाच्या असाव्यात, त्यांवर पक्कड घसरते. साखळीवर जुन्या ट्यूबचा तुकडा चढवावा, म्हणजे सायकलीचा रंग खरवडत नाही आणि सायकल खडखडत नाही. कुलपाची कडी आखूड असावी, कारण लांब कडीत पहार घालून पिळता येतं. साखळी मागच्या चाकातून, फ्रेममधून आणि जमिनीत रोवलेल्या खांबातून घ्यायची. कुलपाचं भोक खाली. आत तेल ओतायचं नाही, तेलाला माती चिकटते. पेन्सिलीचं शिसं ठेचायचं आणि भुकटी फुंकायची. पण सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे जे कुलूप रोज उचलून नेणं होणार नाही, ते विकत घ्यायचंच नाही. घरी राहिलेल्या कुलपाइतकं वाईट कुलूप जगात नाही.

आणि कुलूप लावलं की ओढून बघायचं. एकदा नाही, दोनदा. पहिल्या ओढीला अर्धवट बसलेली कडीसुद्धा धरून राहते, दुसऱ्या ओढीला खरं कळतं.

आता माझी फळी. दुकानात शिरल्यावर समोरच्या भिंतीला सागाची एक फळी होती, तिच्यावर ओळीने खिळे आणि प्रत्येक खिळ्याखाली रंगाने नाव. नव्या कुलपाबरोबर दोन चाव्या येतात. पहिली माणूस वापरतो, दुसरी घरात कुठेतरी ठेवतो आणि विसरतो. दुसरी चावी मी डाळीच्या डब्यातून निघालेली पाहिली आहे, देव्हाऱ्यातून, उशीतून आणि एकदा गाभण म्हशीच्या गळ्यातल्या दोऱ्यातून. म्हणून मी रिवाज पाडला. कुलूप माझ्याकडून घ्या, दुसरी चावी माझ्या फळीवर ठेवा. पहिली हरवली की या. ना तोडफोड, ना तकलीफ. नियम एकच, चावी घरच्या माणसाशिवाय कुणाला मिळणार नाही. गाव लहान, घरची माणसं मला तोंडओळखीने ठाऊक. त्या फळीवर एका वेळी पन्नासेक घरांचा भरवसा टांगलेला असायचा, आणि नव्या माणसाला मी आधी फळी दाखवायचो आणि मग कुलपं.

कांचन आणि तिचे वडील नामदेवराव दुकानात आले ते चोरीच्या आधी, म्हणजे माझ्या आवडीचं गिऱ्हाईक. नावं बदलली आहेत. ओळखणारे ओळखतील, त्याला माझा इलाज नाही. साखऱ्याकडच्या रस्त्याला आत एक वस्ती आहे, तिथून ती पोरगी तासभर पायडल मारत आमच्या गावी बारावीला यायची. वस्तीला एसटी नाही. जीप मोठ्या रस्त्याने जाते आणि भरेल तेव्हा निघते. सायकल आहे म्हणून कॉलेज, असा सरळ हिशोब. पुढे तिला नर्सिंगला जायचं होतं. त्याच आठवड्यात स्टँडवरून एका पोरीची सायकल गेली होती, गोल कुलपासकट.

"चांगलं कुलुप द्या भाऊ," नामदेवराव म्हणाले. "पोरगीच्या शिक्षनाचा सवाल हाय."

मग काय! मी टॉवेल खोचला. वायरचं एक कुलूप घेतलं, नामदेवरावांच्या हातात पक्कड दिली आणि म्हटलं, "तोडा." ते बिचारे बावरले. "तोडा हो, माझंच हाय." कट्ट आवाज झाला आणि बाकड्याने टाळ्या वाजवल्या. मग चौकोनी कड्यांची साखळी दिली. त्यांनी दात-ओठ खाऊन पक्कड दाबली, ती घसरली आणि ते हसले. मोकळा माणूस. प्रश्न विचारायचे तर किती! कडी पिळता येईल का, दगडाने फुटेल का, पावसात गंजेल का.

"हे तुटतच न्हाई का मग?"

"नामदेवराव, न तुटनारं कुलुप मी अजून पाह्यलं न्हाई. पन हे तोडाया येळ लागतो, आवाज होतो. चोराला दोन्ही परवडत न्हाई."

कांचनने साखळी उचलून दप्तरात घातली, दप्तर खांद्याला लावलं आणि दुकानाच्या दारापर्यंत चालून आली. "जमन मला," म्हणाली. वजन पाहणारं पहिलंच गिऱ्हाईक. मी मनातून मुजरा केला.

"बघा," नामदेवराव बाकड्याकडे वळून म्हणाले, "भावकी म्हणून राहिली, पोरगी मोठी झाली, बसवा घरी. म्या सांगून टाकलं. सायकल हाय तवर शाळा. माझा शबुद हाय पोरीला."

"सगळे साक्षीदार हायत," मी म्हटलं, आणि बाकड्याने माना डोलावल्या.

मग कुलपाच्या चाव्या आल्या. कांचनने हात पुढे केला.

"दोन्ही द्या, मामा."

"दोन्ही काहून?"

"सायकल माझी हाय म्हणून."

बाकडं खो खो हसलं. मीही हसलो. मग तिला फळीसमोर उभं केलं आणि माझं ठेवणीतलं भाषण दिलं. दोन्ही चाव्या एका दप्तरात, दप्तर गेलं की दोन्ही गेल्या, मग सायकल खांबाला आणि पोरगी उन्हात. डाळीचा डबा सांगितला, म्हैस सांगितली. नामदेवराव डोळे पुसेपर्यंत हसले. ती मात्र फळीकडे बघत राहिली.

"तुमी कोनाला देनार न्हाई ना?"

"घरच्या मान्साशिवाय कोनाला न्हाई. पाटील आला तरी न्हाई."

तिने जरा विचार केला. मग वेणीच्या लाल रिबिनीचं टोक दाताने तोडलं, चावीच्या भोकात ओवून दोन गाठी मारल्या आणि चावी स्वतः खिळ्याला अडकवली. खाली मी रंगाने नाव लिहिलं. रस्त्यावर तिने सायकल विजेच्या खांबाला लावून दाखवली. साखळी तिन्ही ठिकाणांतून, भोक खाली. ओढली, पुन्हा ओढली. नापास करायला जागा नव्हती.

हे पाऊस संपता संपता झालं. थंडी पडल्यावर एका सकाळी नामदेवराव एकटेच आले.

"भाऊ, कांचनच्या हातून चाबी हरवली. दुसरी द्या."

आता तुम्हीच सांगा, माझ्यासारख्या माणसाला याहून मोठा आनंद कोणता? मी बाकड्याला उभं केलं. "बघा रे, म्हटलं होतं का न्हाई! दोन्ही मागत होती पोरगी!" लाल रिबिनीची चावी मी दोन्ही हातांत धरली, मानपत्र द्यावं तशी नामदेवरावांना दिली आणि वर म्हणालो, "पोरीला सांगा, मामाचं खरं निघालं. ही परत आना, हिच्यावरून नवी करून देतो." ते हसले नाहीत. चहा मागवत होतो तर नको म्हणाले, उशीर होतो म्हणाले आणि गेले. थंडीत, सकाळी, नामदेवरावांनी चहा नाकारला. एवढं मोठं कुलूप माझ्या नाकासमोर उघडलं गेलं आणि मला त्याचा आवाज आला नाही.

चौथ्या दिवशी दुपारी कॉलेजचा शिपाई मोटारसायकलवर मला न्यायला आला. "मामा, सर बोलावून राहिले. सायकल गेली एका पोरीची." अशा वेळी मला बोलावतात. पोलीस येतात, पण ते नंतर. मी खिशात भिंग टाकलं. भिंगाची गरज नसते, पण ते काढलं की लोक गप्प होतात.

स्टँडवर पोरींचा गराडा होता. मधे प्राचार्य, आणि एका लोखंडी पाइपाला पाठ लावून कांचन. तिच्या हातात चावी होती. मी ती पाहिली. पाहिली आणि तरी मला काही सुचलं नाही, कारण माझं नाटक सुरू झालं होतं.

मी खाली बसलो. पाइपाखालची माती बोटांनी चाळली. साखळी कापली तर कडीचा तुकडा पडतो, नाहीतर कानशीचा चकाकता भुगा तरी पडतो. काही नव्हतं. पाइपावर पहारेचा ओरखडा नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, कुलूप आणि साखळी जागेवर नव्हती. चोर तोडलेलं कुलूप कधी बरोबर नेत नाही, ते त्याला भाराचं होतं. धडधाकट असेल तरच नेतो. मी भिंग काढलं, पाइपावरून फिरवलं, उभा राहिलो आणि आवाज चढवून म्हणालो,

"सर, हे कुलुप तोडलेलं न्हाई. हे उघडलेलं हाय! चाबीनं!"

पोरींमधून "अय्या" असा आवाज उठला. मला तो गोड लागला. मग माझी नजर कांचनच्या मुठीवर गेली. मुठीत तिची चावी होती, तीच, पहिली. जी चार दिवसांपूर्वी हरवली म्हणून मला सांगितलं होतं, ती.

भिंग हातातच राहिलं.

प्राचार्य कांचनकडे वळले. "चावी तर तुझ्याजवळच आहे. म्हणजे कुलूप लावायचं राहिलं असणार."

"लावलं होतं सर."

"मग उघडलं कसं?"

"लावलं होतं. दोनदा ओढलं होतं." तिने माझ्याकडे बघितलं. "मामा, दोनदा ओढलं होतं म्या."

चारचौघांत सांगण्यासारखं एकच वाक्य माझ्याजवळ होतं: पोरीने कुलूप लावलं होतं, दुसरी चावी मी तिच्या बापाला दिली. एका वाक्याचं काम. रोज हजार वाक्यं फुकट वाटणाऱ्या माणसाला ते एक जमलं नाही. मी म्हणालो, "बघतो," आणि शिपायाला म्हटलं, चल.

नामदेवराव माझ्या बाकड्यावर बसले होते. मी बाकीच्यांना चहाला पिटाळलं.

"कळलं वाटतं तुमाला," ते म्हणाले.

"काहून केलं असं?"

ते टोपी हातात फिरवत राहिले. मग सांगितलं. सोयरीक आली होती. पोरगा पुण्याकडे कंपनीत, माणसं चांगली, हुंडा नको म्हणणारी. पण त्यांना थांबायचं नव्हतं. कांचनला अठरा पुरी होऊन महिनाही झाला नव्हता. ती म्हणाली, आधी परीक्षा. भावकी रोज घरी येऊन बसायला लागली. रस्त्याने येता-जाता एका पोरासंगं बोलताना दिसली, असंही कुणी सांगितलं. खरं-खोटं कुणी पाहिलं नाही.

"तिला सरळ न्हाई म्हनायचं होतं."

"तिच्या तोंडावर मला न्हाई म्हनवंना, भाऊ. आन् शबुद दिला होता. इथंच दिला होता, तुमच्यासमोर." त्यांनी मान वर केली. "शबुद म्या मोडला न्हाई. सायकल हाय तवर शाळा, असाच होता."

मला हसू आलं. खरंच आलं, आणि त्याची मला अजून भीती वाटते.

"सायकल कुठं हाय?"

"सकाळीच जीपवर टाकून नेली. भैनीच्या गोठ्यात. सिद्धेश्वरकडं. कडब्याआड."

"आन् कुलुप?"

"लावून ठेवलंय. गोठ्याच्या खांबाला. चोरी नको व्हायला."

म्हणजे माझी चौकोनी कड्यांची साखळी आपलं काम बराबर करत होती. जे तिच्या ताब्यात दिलं होतं ते ती राखत होती. मागच्या चाकातून, फ्रेममधून, रोवलेल्या खांबातून.

"तिला सांगू नका," नामदेवराव म्हणाले. "ती मला बाप म्हननार न्हाई." आणि हा धिप्पाड माणूस माझ्या पंक्चरच्या पाण्याच्या घमेल्याजवळ बसून रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. काय करणार? घरचं माणूस होतं.

पण मी नामदेवरावांसाठी गप्प राहिलो, असं लिहिलं तर ते खोटं होईल. ते गेल्यावर मी फळीसमोर उभा राहिलो. कांचनच्या नावाचा खिळा रिकामा होता आणि पन्नास चाव्यांमधून तो एकच दिसत होता. उद्या कळलं की फळीवरच्या चावीने चोरी झाली, तर दुपारपर्यंत पन्नास घरं येऊन आपापली चावी घेऊन जातील. बाकडं काय म्हणेल? दत्तूमामाची फळी म्हणजे चोराची सोय. मी गल्ल्यातून एक जुनी, बिनकामाची चावी काढली आणि त्या खिळ्याला अडकवली. कुलूपवाल्याचं हे पहिलं खोटं काम. सफाईदार झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली. चालत आली होती, पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ. बाकड्यावर माणसं होती, ती तिला सरकून जागा देऊ लागली, पण ती बसली नाही.

"मामा, माझी दुसरी चाबी खिळ्यावर हाय ना?"

"हाय की," मी म्हणालो. हातात टायर होतं, मी मान वर केली नाही.

ती फळीपाशी गेली. बराच वेळ झाला, म्हणून मी वर बघितलं. तिने चावीला हात लावला नव्हता. नुसती बघत होती.

"रिबिन पडली असल कुठंतरी," मी म्हणालो.

तिने रिबिनीचं विचारलंच नव्हतं.

ती वळली. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर मला बरं वाटलं असतं. गणित सुटल्यावर पोरं पाटीकडे बघतात, तशी ती माझ्याकडे बघत होती. चावी दोन ठिकाणी होती. एक तिच्या मुठीत, एक माझ्याकडे. माझ्याकडून ती घरच्या माणसाशिवाय कुणाला मिळत नाही. घरात माणसं किती? आई आणि बाप. आई गोरेगावला कधी एकटी येत नसे.

"बरं मामा," ती म्हणाली आणि कॉलेजकडे चालायला लागली.

आठ-दहा दिवस ती चालत आली. अंधारात निघायची म्हणे, पोचेपर्यंत पहिला तास संपलेला. मग नाही आली. वस्तीवर सगळ्यांचं एकच म्हणणं होतं, पोरगी निष्काळजी, एवढी भारी साखळी घेऊन दिली तर कुलूप लावायचं विसरली, बाप तरी किती करील? माझ्या बाकड्यावरही हेच बोलणं व्हायचं. मी पंक्चर काढत ऐकायचो. परीक्षेला अजून दोन महिने होते. सिद्धेश्वरला जाऊन ती सायकल आणणं हे माझं अर्ध्या दिवसाचं काम होतं. चावी तर मी तिथेच गोठ्यात बसून करू शकलो असतो.

लग्नपत्रिका द्यायला नामदेवराव आले, तेव्हा त्यांनी पत्रिकेखाली सरकवून लाल रिबिनीची चावी माझ्यासमोर ठेवली. मी ती गल्ल्यात टाकली. लग्नाला गेलो, जेवलो. बुंदी आग्रह करकरून वाढत होते.

नंतर मी फळी काढली. लोकांना सांगितलं, वाळवी लागली. नामदेवरावांसाठी मी तोंड बंद ठेवलं, की फळीसाठी, हे ठरवायला आता फळीही राहिलेली नाही. आता कुलूप विकतो तेव्हा दोन्ही चाव्या गिऱ्हाइकाच्या हातात देतो. पुष्कळ जण कुरकुर करतात. "मामा, ठेवा की एक, घरी हरवती." मी म्हणतो, हरवू द्या. पोरीबाळी आल्या तर सांगतो, दुसरी चावी अशा जागी ठेव की ती जागा तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक नसावी. त्या हसतात. त्यांना वाटतं, मामा नाटक करून राहिले.

यंदा बाजाराच्या दिवशी एक बाई दुकानात आली. डोक्यावर पदर, गळ्यात काळे मणी, कडेवर नाही पण पोटात लेकरू असावं. सासू समोर बांगड्यांच्या दुकानात बसली होती. मी ओळखलं नाही. "मामा," म्हणाली, तेव्हा ओळखलं.

"पेटीला लावाया कुलुप पाह्यजे. बारकं."

मी विचारलं नाही पेटीत काय आहे. चार कुलपं पुढे ठेवली. सवयीने बोलायला तोंड उघडलं, की हे पितळी, हे आखूड कडीचं, पण बोलावं लागलंच नाही. तिने आखूड कडीचं बरोबर उचललं. माझ्या दाराच्या कोयंड्याला लावून पाहिलं. ओढलं. पुन्हा ओढलं. कुलूप सुटं करून पिशवीत टाकलं आणि त्याची एक चावी पदराच्या टोकाला बांधली. भिंतीवर जिथे फळी होती तिथे चुन्याचा रंग वेगळा आहे. त्या चौकोनाकडे एकदा बघितलं आणि हात पुढे केला.

"दुसरी बी द्या, मामा."

मी दिली. तिने पैसे ठेवले. सुट्टे परत द्यायला मी गल्ला उघडला. कोपऱ्यात लाल रिबिन होती, रंग उतरलेली, दोन्ही गाठी तशाच. ती समोर उभी होती, सासू अजून बांगड्या चढवत होती, आणि बाकडं त्या दिवशी रिकामं होतं. एवढी चांगली वेळ मला पुन्हा मिळणार नव्हती.

मी सुट्टे पैसे मोजून तिच्या हातावर ठेवले आणि गल्ला लावून घेतला.